एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड हेडमध्येच तुटला, कसा काढावा?

जुनी_चारचाकी

कार्बोरेटरवाली जुनी चार सिलिंडर पेट्रोल गाडी आहे. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. एक्झॉस्ट गॅस्केट लीक करत होतं म्हणून मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग) उतरवला. तो हेडला धरून ठेवणाऱ्या आठपैकी सात स्टडचा (बिनडोक्याच्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या बोल्टचा) प्रश्न सुटला: चारांचे नट सुटले, तिघांच्या बाबतीत नटाबरोबर स्टडच बाहेर आला. आठवा, म्हणजे चौथ्या सिलिंडरच्या बाहेरच्या टोकाचा, नट फिरवताना तुटला. स्टड ८ एमएमचा, आटे १.२५ चे. तुटलेलं तोंड एका बाजूला हेडच्या फेसला (मॅनिफोल्ड टेकतो त्या सपाट बाजूला) लागून आहे, दुसऱ्या बाजूला साधारण १ एमएम आत गेलंय. पकडायला काहीच नाही.

इंजिन गाडीतच आहे. त्या कोपऱ्यात हँड ड्रिल सरळ धरता येईल एवढी जागा आहे, त्याहून जास्त नाही. हाताशी ड्रिल, गॅस टॉर्च, टॅपचा सेट आणि इझी-आउटचा (तुटलेल्या स्टडच्या भोकात रोवून तो उलटा फिरवायच्या हत्यारांचा) सेट आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मध्ये भोक पाडून सरळ इझी-आउट लावावा का? ॲल्युमिनियमच्या हेडला आंच दिली तर चालते का? आणि हेड खाली उतरवल्याशिवाय हे काम होईल का?

---

बिडाचा_ब्लॉक

इझी-आउट आत्ता पेटीतच राहू द्या. कारण साधं आहे. ८ एमएमचा अख्खा स्टड ज्या जोराने तुटला, त्याच्या पोटात ४ एमएमचं भोक पाडून त्यात बसणारा इझी-आउट त्याहून बारीकच असणार. तो कडक पोलादाचा असतो, वळत नाही, थेट तुटतो. आत तुटला की साध्या ड्रिलने त्यावर ओरखडाही उठत नाही, आणि सोपं काम महागात जातं. त्यातून निमुळता, पिळाचा इझी-आउट जसजसा आत रुततो तसतसा स्टडला आतून फुगवतो, म्हणजे आटे आणखी आवळतात. वापरायचाच झाला तर सरळ धारांचा वापरा, आणि तोही स्टड एकदा हलल्यानंतरच.

आधी तुटलेलं तोंड नीट पहा. आरसा आणि विजेरी घेऊन पाच मिनिटं घालवा. सगळं तोंड ताजं, चमकदार राखाडी आणि पिळल्यासारखं दिसत असेल, तर नट स्टडवर जाम होता आणि स्टड पिळून तुटला. पण अर्धं तोंड तपकिरी-काळं आणि उरलेली चंद्रकोर तेवढी चमकदार असेल, तर तडा जुना आहे. टोकाच्या स्टडचं बहुतेक वेळा असंच होतं. मॅनिफोल्ड हेडपेक्षा कितीतरी जास्त तापतो, लांबीत वाढतो आणि टोकाच्या स्टडना आडवं ढकलतो. हजारो वेळा असं झालं की पहिल्या आट्याच्या मुळाशी चीर पडते. अशी जुनी चीर असली तर ती बातमी चांगली म्हणायची, कारण स्टड आत जाम असल्यामुळे तुटलेला नाही. आतले आटे त्या मानाने मोकळे असू शकतात.

पहिल्या दिवशी फक्त तेल. तोंडाभोवतीचा गंज आणि काजळी टोकदार स्क्रायबरने खरवडून काढा, नाहीतर तेल वरच राहतं. चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल घ्या किंवा ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं. हे दोन्ही एकजीव होत नाहीत, दर वेळी बाटली हलवूनच थेंब टाका. चोवीस तासांत चार-पाचदा द्या. प्रत्येक वेळी चपट्या पंचाने स्टडच्या मधोमध हलके वीस-तीस ठोके मारा. जोरात मारू नका, तोंड पसरलं तर वरचा आटा ॲल्युमिनियममध्ये रुतेल. ठोक्याने स्टड निघत नाही, पण गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते.

आता आंच. ॲल्युमिनियमला चालते, नुसती चालत नाही तर बिडापेक्षा जास्त उपयोगी पडते. तापमान एका अंशाने वाढलं की एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद सुमारे १२. आठ एमएमच्या भोकाला १५० अंशांची वाढ दिली तर भोक स्टडपेक्षा साधारण १३ मायक्रॉन जास्त मोठं होतं. आकडा छोटा वाटतो, पण तेवढ्याने गंजाची पकड सुटते. म्हणून आंच स्टडला नाही, स्टडभोवतीच्या हेडला द्यायची. टॉर्च एका जागी धरू नका, ३-४ सेंटीमीटरच्या वर्तुळात फिरवत ठेवा.

मर्यादा पाळा. १५० ते १८० अंशांच्या वर नेऊ नका. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, चमकदारच राहतं आणि एकदम ढासळतं. त्याच्या बऱ्याच आधी त्याचा कडकपणा गेलेला असतो. इन्फ्रारेड गनने मोजत असाल तर उघड्या चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खूप कमी आकडा दाखवते. काळ्या मार्करचा जाड ठिपका काढा आणि त्यावर नेम धरा. हेड तापल्यावर साध्या मेणबत्तीचं टोक स्टडच्या कडेला टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं.

आणि हे विसरू नका: ॲसिटोन किंवा ऑइल लावलेलं असताना टॉर्च पेटवायचा नाही. आधी पुसा, पूर्ण वाळू द्या, बाटली आणि फडका खोलीबाहेर ठेवा. कार्बोरेटर शेजारीच आहे, त्यामुळे पेट्रोलची नळी काढून तोंड बंद करा. फ्लोट चेंबरही रिकामा करा, तिथलं वाटीभर पेट्रोल विसरलं जातं.

---

मिग_आणि_आर्क

वरचं सगळं पटलं, पण स्टड फेसला लागून तुटलाय, फिरवायला काहीतरी पकड तर हवी. तुमच्या जागी वेल्डिंगचा नट हा पहिला उपाय. ड्रिल त्यानंतर.

मिग मशीन (वायर आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन), ०.८ एमएमची वायर. स्टडचं तोंड वायर ब्रशने चकाकेपर्यंत साफ करा. तेलाचा अंश राहिला तर वेल्डमध्ये भोकं पडतात आणि नट पहिल्याच झटक्यात निघून हातात येतो. तेल उडवायला ब्रेक क्लीनर वापरणार असाल तर डबा वाचा: क्लोरिनवाला असेल तर अजिबात नको. त्याच्या वाफा वेल्डिंगच्या ज्वाळेत फॉस्जीन वायू बनतात, तो जीवघेणा आहे. साधं ॲसिटोन लावा आणि वाळू द्या.

तुमचा स्टड एका बाजूने आत आहे, म्हणून थेट नट ठेवू नका. आधी स्टडच्या बरोबर मध्यावर एक-दीड सेकंदाचा ठिपका द्या, थांबा, त्यावर दुसरा. असे ठिपके रचत फेसच्या २-३ एमएम वर या. आर्क मधोमधच राहिला पाहिजे. पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही हे खरं, पण आर्क कडेला गेला तर ॲल्युमिनियम वितळून वेल्डमध्ये मिसळतं आणि जोड ठिसूळ होतो. बिडाच्या हेडमध्ये धोका वेगळा: तिथे वेल्ड भिंतीला धरून बसतो.

मग त्या उंचवट्यावर ८ एमएमचा वॉशर ठेवून आतून वेल्ड करा. त्यावर १० एमएमचा नट ठेवून परत आतून भरा. १० चा नट अशासाठी की त्याचं भोक साधारण साडेआठ एमएम असतं, वायर तळापर्यंत पोचते आणि तळ दिसतो. नट बिनगॅल्व्हनाइजचा घ्या, नाहीतर जस्ताचा पांढरा धूर येतो आणि वेल्डही बिघडतो. करंट नेहमीपेक्षा थोडा चढा ठेवा. बहुतेकांचा नट तुटतो तो करंट कमी असल्याने: वेल्ड नटाला घट्ट चिकटतो आणि स्टडवर नुसता टेकलेला असतो. आर्क स्टडवर रोखा, नट आपोआप धरेल.

वेल्ड झाल्यावर लगेच पाना घालू नका. लाली गेल्यावर साधारण मिनिटभर थांबा. तोवर स्टडची उष्णता भोवतीच्या ॲल्युमिनियममध्ये उतरते, म्हणजे हेड फुगलेलं आणि स्टड आकसायला लागलेला. हीच वेळ. सहा कोनी सॉकेट, आखूड दांडा. आधी आवळायच्या दिशेला किंचित, मग सोडायच्या. आठव्या हिश्शाइतकं पुढे, तेवढंच मागे. कर्र आवाज येऊन हलला की तेल द्या आणि तसंच पुढे-मागे करत काढा. हलला म्हणून एका दमात फिरवला तर निम्म्यावर परत जाम होतो, कारण सुटलेली गंजाची पूड आट्यांत गोळा होते.

पहिला नट तुटला तर निराश होऊ नका. दुसरा, तिसरा, चौथा लावा. प्रत्येक वेळी स्टडला आंच बसते आणि गंज थोडा थोडा सुटतो. पाचव्यांदाही तसाच तुटला तर मग ड्रिल.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, अल्टरनेटरची जोडणी सोडा, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प हेडवरच, शक्य तितका जवळ. बॉडीला लावला तर करंट बेअरिंगांतून वाट काढतो.

---

जुनी_चारचाकी

तोंड पाहिलं. जवळपास तृतीयांश भाग काळपट, बाकी चमकदार. दोन दिवस तेल दिलं, वेल्डिंगचे पाच नट झाले. तिसऱ्या नटाच्या वेळी किंचित हलल्यासारखं वाटलं, पण नंतरचे दोन्ही नट स्टडच्या तोंडापासून सुटून आले. आता तोंड फेसपासून साधारण २ एमएम आत आहे. हेडला इजा नाही. ड्रिलकडे वळायचं तर मध्य कसा साधायचा? हँड ड्रिल पोलादावरून घसरून ॲल्युमिनियममध्ये घुसेल अशी भीती आहे.

---

लेथवाला

भीती रास्त आहे. या कामात सगळं मध्यावर ठरतं. ड्रिलला मऊ बाजू आवडते, एकदा ॲल्युमिनियममध्ये शिरलं की परत पोलादावर येत नाही. नुसत्या सेंटर पंचावर विसंबू नका, तुटलेलं तोंड तिरकं असतं, पंच उताराकडे सरकतो.

मार्गदर्शक बुश (ड्रिलला सरळ धरणारी पोकळ नळी) करून घ्या. मॅनिफोल्डच्या त्या भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजा. टोकाचं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, त्यामुळे सगळी भोकं सारखी धरू नका. त्या मापाचा बाहेरचा व्यास आणि आत ४ एमएमचं भोक असा बुश लेथवर कापून घ्या, लांबी निदान २० एमएम. तुमच्याकडे तोंड २ एमएम आत आहे, तर बुशाचं पुढचं टोक ८ एमएमच्या भोकात शिरेल असं ६.५ एमएमला उतरवून घ्या, म्हणजे तो स्टडच्या तोंडाला टेकतो आणि वरच्या मोकळ्या आट्यांमध्ये मध्यावर राहतो. ही पायरी कामाची आहे. मॅनिफोल्डच्या भोकात बुश कितीही घट्ट असला तरी मॅनिफोल्डच अर्धा एमएम इकडे-तिकडे बसू शकतो, पुढचं टोक तो फरक पकडून देतं. बुश अडखळला तर मॅनिफोल्ड सरकवा, बुश ठोकू नका. बाकीच्या स्टडवर मॅनिफोल्ड नटांनी आवळून मगच ड्रिल.

ड्रिल डाव्या हाताचं घ्या, कोबाल्टचं, ४ एमएम. मशीन उलटं फिरवायचं. डाव्या ड्रिलचा फायदा असा की कापताना ते स्टडला सुटायच्या दिशेनेच ढकलतं. तुमचा स्टड तिसऱ्या नटाला हललाय म्हणता, तर अर्ध्या वाटेत ड्रिलबरोबर फिरून बाहेर येण्याची शक्यता चांगली आहे. वेग हजाराच्या आसपास, त्याहून जास्त नको. वेल्डिंगमुळे वरचा एक-दोन एमएम कडक झालेला असेल, तिथे दाब जास्त आणि वेग निम्मा. नुसतं फिरत राहिलं, कीस निघाला नाही, तर लगेच थांबा, धार गेली आहे. बोथट ड्रिल घासत राहिलं की पोलाद आणखी कडक होतं. कापताना तेल, आणि दर ३ एमएमला बाहेर काढून कीस साफ.

खोली ठरवा. बाहेर आलेल्या स्टडचा हेडमधला भाग मोजा, तेवढ्यावर ड्रिलला टेप गुंडाळा आणि १ एमएम कमी धरा. काही हेडमध्ये अशी भोकं आरपार पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात. तसं असेल तर आधी कूलंट काढून टाका, आणि नवीन स्टड सीलंट लावून बसवायचा हे आत्ताच लिहून ठेवा. बाहेर आलेल्या स्टडांच्या टोकाला पाण्याचा पांढरा-हिरवा थर दिसतो का पहा, त्यावरून समजतं.

सुरू करण्यापूर्वी चौथा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉप डेड सेंटरला (पिस्टन अगदी वर) आणा, म्हणजे त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद राहील. सगळ्या पोर्टांत ग्रीस लावलेला फडका भरा आणि किती फडके भरले ते हेडवर खडूने लिहा. कीस हवेच्या दाबाने उडवू नका, व्हॅक्यूमने ओढा.

४ नंतर ५. त्यानंतर हेड पुन्हा १५० अंशांपर्यंत तापवून सरळ धारांचा इझी-आउट लावायला हरकत नाही, पण नुसत्या मनगटाच्या जोराने. हँडल वाकल्यासारखं वाटलं की सोडा. नाही निघाला तर ६ ने आणि मग ६.५ ने भोक मोठं करा. ८ बाय १.२५ च्या आट्याचा आतला व्यास ६.६५ आहे, म्हणजे ६.५ ला भिंत इतकी पातळ उरते की आट्यांची कडी तेवढी शिल्लक राहते. तिची सुरुवात टोकदार छिन्नीने आतल्या बाजूला मोडा, चिमट्याने धरून स्प्रिंगसारखी ओढून काढा. नाही आली तर टॅप हळूहळू फिरवला की तो तिला ढकलत जातो. ६.८ चं ड्रिल फक्त नवे आटे पाडायला असतं. भोक मध्यावर नसेल तर त्याने हेडचे आटे खरवडतील.

---

जुनी_चारचाकी

बुश करून ४ आणि ५ झालं, स्टड ड्रिलबरोबर फिरला नाही. पण ५ च्या वेळी बुश काढून नुसत्या हाताने ड्रिल केलं. मोजलं तर भोक वरच्या बाजूला साधारण ०.७ एमएम सरकलंय. ६ लावू का?

---

लेथवाला

थांबा, ६ लावू नका. हिशेब करा: ५ च्या भोकाची त्रिज्या २.५, त्यात ०.७ मिळवलं की वरची कड मध्यापासून ३.२ वर. आट्याची आतली त्रिज्या ३.३२. म्हणजे वर ०.१२ एमएमचीच जागा उरली आहे. ६ ने ती कड ३.७ वर जाईल आणि हेडचे आटे कापले जातील. खालच्या बाजूला मात्र दीड एमएम पोलाद अजून आहे.

आता भोक गोल मोठं करायचं नाही, एका बाजूने सरकवायचं. डाय ग्राइंडरला (हातात धरायच्या छोट्या, वेगवान ग्राइंडरला) ३ एमएमचा कार्बाइड बर (कडक दातांचं घासणारं टोक) लावा आणि फक्त खालच्या बाजूचं पोलाद खात जा. थोडं घासा, थांबा, पहा. पोलादाची ठिणगी उडते, ॲल्युमिनियमची उडत नाही. ठिणगी थांबली की तुम्ही आट्यापाशी आलात. त्याच्या जरा आधीच थांबायचं. कड कागदासारखी झाली की छिन्नीने आत मोडा. एका बाजूचा कमान मोडला की उरलेल्या स्टडची पकड जाते, बाकी चिमट्याने निघतो. वेळ लागेल, दोन-तीन तास धरा.

---

बिडाचा_ब्लॉक

त्यात हेडचे आटे थोडे दुखावले तरी काम संपलं असं नाही. दोन-तीन आटे वरचे गेले तर थोडा लांब स्टड घ्या. जास्त गेले तर हेलिकॉइल (मोठ्या केलेल्या भोकात बसवून नवे आटे देणारी तारेची कॉइल): ८ बाय १.२५ साठी ८.३ चं ड्रिल, त्याच्याच किटमधला टॅप (साधा ८ चा टॅप चालत नाही), आणि १२ किंवा १६ एमएम लांबीची कॉइल. ड्रिल त्याच बुशाच्या पद्धतीने, मध्य पुन्हा चुकला तर मॅनिफोल्ड बसणार नाही. कॉइल फेसपासून अर्धा आटा आत बसवा आणि तळाची आडवी काडी मोडून बाहेर काढा. एक्झॉस्टची उष्णता आणि पुन्हा कधीतरी स्टड काढायची गरज लक्षात घेता मला इथे सलग पोलादी बुश जास्त आवडतो.

आणि कोणी आत इझी-आउट तोडून वाचत असेल तर: साधी ड्रिलं झिजवत बसू नका. कार्बाइड बर किंवा स्पार्क इरोजनच (विजेच्या ठिणग्यांनी धातू खाणारं मशीन). ॲल्युमिनियमचं हेड खाली उतरवलेलं असेल तर गरम पाण्यात तुरटी पूर्ण मुरेपर्यंत विरघळवून तो भाग त्यात ठेवला की पोलाद हळूहळू विरघळतं आणि ॲल्युमिनियमला जवळजवळ धक्का लागत नाही. घड्याळवाले तुटलेले स्क्रू असेच काढतात. वेळ मात्र फार जातो, दिवसही लागतात, आणि पाणी गरम ठेवावं लागतं. गाडीत बसलेल्या हेडला आणि बिडाच्या हेडला हा उपाय नाही.

---

जुनी_चारचाकी

बरने खालची बाजू खाल्ली, कड मोडली, स्टड तीन तुकड्यांत निघाला. ८ चा बोल्ट हाताने शेवटपर्यंत जातो, वरचा एक आटा थोडा चेपलाय. बसवताना काय पाहू?

---

मिग_आणि_आर्क

आधी आटे साफ करा, पण कापणाऱ्या टॅपने नाही, तो मऊ ॲल्युमिनियम उगीच खातो. जुन्या चांगल्या स्टडला लांबीत दोन-तीन खाचा पाडा आणि तोच तेल लावून आत-बाहेर करा. भोकाच्या तळाशी तेल किंवा कीस राहू देऊ नका. बंद भोकात तेल भरलेलं असताना स्टड आवळला तर ते दाबलं जात नाही, हेडच तडकतं.

आठही स्टड आणि नट नवे. निघालेले तिघेही त्याच उष्णतेत तितकीच वर्षं होते. पितळेचे किंवा तांब्याचा मुलामा असलेले नट घ्या, ते स्टडवर जाम होत नाहीत. हेडमध्ये जाणाऱ्या बाजूला निकेलची अँटिसीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट, स्टड हाताने तळाला टेकवून किंचित आवळा, बस.

मॅनिफोल्ड न तपासता बसवलात तर हाच स्टड पुन्हा तुटेल. फेसवर सरळ पट्टी ठेवून चारही पोर्टांवर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) घाला. टोकाकडे ०.२ एमएमची पात सरकत असेल तर फेसिंग करून (मशीनवर फेस सपाट करून) घ्या. नटांनी ओढून तो सरळ होत नाही, स्टडवरच ताण ठेवून बसतो. टोकाची भोकं स्टडला कुठेही घासता कामा नयेत. घासत असतील तर १ एमएम मोठी करा.

आवळणी मधल्या स्टडपासून बाहेर, तीन टप्प्यांत. मॅन्युअलचा आकडा पाळा. तो नसेल तर ॲल्युमिनियममधल्या ८ एमएमच्या स्टडला २० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण २ किलोग्रॅम-मीटर पुरे. नटाच्या आट्यांना पेस्ट लावली असेल तर १६ वर थांबा, कारण पेस्टमुळे त्याच टॉर्कला ओढ जास्त पडते. पोर्टांतले फडके मोजून काढले का ते मॅनिफोल्ड लावण्याआधी पहा. दोन-तीनदा पूर्ण तापून थंड झाल्यावर, थंड असतानाच पुन्हा तपासा. मग सकाळी पहिल्या स्टार्टला रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं प्रत्येक पोर्टच्या सांध्याशी धरून ऐका. लीक असेल तर फट्-फट् तेव्हाच स्पष्ट ऐकू येते, तापल्यावर मॅनिफोल्ड फुगून ती झाकली जाते.